शेतात उरलेला माल आणि अमेरिकेतल्या फूड बँका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी शेतात उरणारा माल फूड बँकांपर्यंत नेण्यासाठी सरकारी पैसा बाजूला काढला आहे. याबद्दल तिकडे राहणारी मराठी मंडळी विचारतात, तसे इकडे कांदा-टोमॅटो पिकवणारेही विचारतात. दोघांचे प्रश्न वेगळे असतात, पण उत्तरं एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की एकाच पानावर ठेवणं सोयीचं.

फूड बँक म्हणजे अन्नछत्रच ना?

अन्नछत्रात पान वाढलं जातं. फूड बँक हे गोदाम असतं: शीतगृह, फोर्कलिफ्ट, मालाच्या रांगा, आवक-जावकीचा हिशेब. १९६७ साली ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी सुरू केलेली सेंट मेरीज फूड बँक ही पहिली मानली जाते. आज 'फीडिंग अमेरिका' या जाळ्यात अशा सुमारे २०० फूड बँका आहेत. गरजू माणूस सहसा या गोदामावर येत नाही. इथून माल गावोगावच्या फूड पॅन्ट्रीत (मोफत शिधा वाटणाऱ्या छोट्या केंद्रात), चर्चच्या तळघरात, शाळेत, वृद्धांच्या वसाहतीत जातो आणि तिथे वाटला जातो.

सुरुवातीची बरीच वर्षं या गोदामांत डबाबंद सूप, सीरियल, पीनट बटर असाच माल जास्त असायचा, कारण तो टिकतो आणि कंपन्या तोच देतात. ताजी भाजी-फळं मोठ्या प्रमाणावर यायला लागली ती गेल्या दोन-तीन दशकांत. त्यात या राज्य योजनांचा हात मोठा आहे.

फुकट द्यायचाच माल आहे, मग त्यात सरकारचा पैसा कशाला?

हा प्रश्न शहरातला माणूस विचारतो. ज्याने टोमॅटो लावलाय त्याला तो पडत नाही.

भाव कोसळला की आपल्याकडे शेतकरी काय करतो? क्रेटमागे मिळणाऱ्या पैशातून तोडणीची मजुरी, गाडीभाडं, हमाली आणि तोलाई वजा केली की हातात काही उरत नाही, उलट खिशातून घालावे लागतात. मग तो प्लॉटमध्ये मेंढरं सोडतो किंवा रोटाव्हेटर फिरवतो. माल चांगला असतो, फक्त शेताबाहेर काढणं परवडत नाही. कॅलिफोर्नियाच्या सलिनास खोऱ्यातल्या लेट्यूसवाल्याचं गणित अगदी हेच आहे. त्याचं शेत हजार एकरांचं असेल, पण तोडणीचा खर्च पेटीमागे मिळणाऱ्या भावाच्या वर गेला की तोही उभ्या पिकात डिस्क घालून मोकळा होतो.

अशा वेळी त्याला "दान करा" म्हणणं म्हणजे "खिशातून मजुरी देऊन दान करा" म्हणणं. पाच-दहा क्रेट कोणीही देईल. पण शीतपेटीची एक मोठी गाडी सुमारे ४०,००० पौंड, म्हणजे १८ टन माल नेते. ती गाडी भरायची तर मजूर, खोके, पॅलेट, थंड करण्याची सोय आणि डिझेल हे सगळं लागतं, आणि यातलं काहीच फुकट मिळत नाही.

राज्य योजना नेमका हा खर्च उचलते. कुठे फक्त तोडणी आणि पॅकिंगचे पैसे दिले जातात, कुठे वाहतुकीचे, तर कुठे थोडा भाव देऊन माल विकत घेतला जातो. भाजीची किंमत हा त्यातला छोटा आकडा असतो, बाकी सगळा पैसा हातांवर आणि चाकांवर जातो. या योजनांचे अहवाल वाचताना ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

माल जास्तीचा होतो कसा? अमेरिकेत तर सगळं करार करून पिकवतात.

करार असला तरी पाऊस आणि ऊन करारावर सही करत नाहीत. एका आठवड्यात उष्मा वाढला की दोन लागवडींचा माल एकदम तयार होतो आणि गिऱ्हाईक तर ठरलेल्या पेट्याच उचलतं. शिवाय करार पुरा करता यावा म्हणून बरेच शेतकरी थोडी जास्तच लागवड करतात. हंगाम चांगला गेला तर ती वाढीव लागवड डोक्यावर बसते.

दुसरं कारण प्रतवारी. सुपरमार्केटला एकसारखा आकार, एकसारखा रंग लागतो. काकडी वाकडी निघाली, सफरचंदावर गारांचा डाग पडला, रताळं फार मोठं झालं की ते दोन नंबरमध्ये गेलं. आपल्या बाजारात गोलटी कांद्यालाही कमी का होईना भाव असतो. तिथे दोन नंबरला गिऱ्हाईकच नसलं तर तो माल सरीतच राहतो. सांता क्लारा विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या हाताने तोडायच्या पिकांची प्रत्यक्ष शेतात मोजणी केली, तेव्हा खाण्याजोगा सुमारे तिसरा हिस्सा शेतातच राहिलेला दिसला.

इथे एक साधी युक्ती फार कामी आली. मजूर सरीतून एकदा जातोच. त्याच फेरीत एक नंबर एका खोक्यात आणि दोन नंबर दुसऱ्या खोक्यात टाकायचा. दुसऱ्या खोक्याची वाढीव मजुरी फूड बँक देते. नंतर वेगळे मजूर लावून मागे राहिलेलं गोळा करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

कोणकोणत्या राज्यांत अशा योजना आहेत?

बऱ्याच आहेत आणि प्रत्येकीचं नाव, पैशाचा मार्ग, नियम निराळे. सगळी यादी देण्यात अर्थ नाही. ज्यांच्याकडून काही शिकण्यासारखं आहे तेवढ्या सांगतो.

पेनसिल्व्हेनियाची योजना 'पास' या लघुनावाने ओळखली जाते: पेनसिल्व्हेनिया ॲग्रिकल्चरल सरप्लस सिस्टीम. तिचा कायदा झाला २०१० मध्ये आणि तिजोरीतून पहिला पैसा सुटला २०१५-१६ च्या अंदाजपत्रकात. मधली पाच वर्षं कायदा नुसता कागदावर होता आणि माल शेतातच राहत होता. सरकारी योजनांचा अनुभव असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. पैसा आल्यावर मात्र ती चांगली चालली. तोडणी, प्रक्रिया, पॅकिंग आणि वाहतूक यांचा खर्च तीत मिळतो, अट एवढीच की माल त्याच राज्यातला हवा.

न्यूयॉर्कची 'नरिश न्यूयॉर्क' कोविडमध्ये जन्मली. एप्रिल २०२० मध्ये हॉटेलं आणि शाळा बंद होत्या, त्यांच्यासाठी पॅक होणाऱ्या दुधाला वाट राहिली नाही आणि डेअरीवाले दूध नाल्यात सोडू लागले. त्याच वेळी न्यूयॉर्क शहरात फूड पॅन्ट्रीपुढे रांगा वाढत होत्या. राज्याने २५ दशलक्ष डॉलर फूड बँकांच्या हाती दिले आणि सांगितलं की यातून न्यूयॉर्कमधल्याच शेतकऱ्यांचा आणि डेअऱ्यांचा माल घ्या. तात्पुरती म्हणून आणलेली ही योजना नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदा करून कायमची केली गेली.

कॅलिफोर्नियात राज्याच्या फूड बँक संघटनेचा 'फार्म टू फॅमिली' हा कार्यक्रम आहे. देशातली भाजी-फळं मोठ्या प्रमाणावर तिथेच पिकतात, त्यामुळे या कार्यक्रमाचा पसारा बाकी राज्यांच्या तुलनेत प्रचंड. पॅकहाउसशी संबंध ठेवणारी माणसं नेमलेली असतात. "या आठवड्यात संत्री किती, गाजर किती" याचे फोन चालू असतात आणि माल कोणत्या फूड बँकेकडे जाणार हे गाडी निघण्याआधी ठरलेलं असतं.

मिशिगनची योजना सर्वांत जुन्यांपैकी एक, ओहायोचीही बरीच जुनी. टेक्सासचा कृषी विभाग यासाठी अनुदान देतो. केंटकीत फूड बँका शेतकऱ्यांकडून दोन नंबरचा माल विकत घेतात. तंबाखू सोडून भाजीकडे वळलेल्या लहान शेतकऱ्यांना त्याचा आधार होतो.

शेतकऱ्याला बाजारभाव मिळतो का?

नाही, आणि तशी अपेक्षाही नसते. पौंडाला काही सेंट मिळतात, बहुतेक वेळा तोडणी-पॅकिंगचा खर्च भरून थोडंफार उरेल इतकेच. तरी शेतकरी तयार होतात, कारण दुसरा पर्याय शून्याचा किंवा तोट्याचा असतो. शिवाय मजुरांना हंगामात सलग काम देता येतं. काम नाही म्हणून टोळी दुसऱ्या शेतावर गेली की परत मिळणं मुश्कील. न्यूयॉर्कसारख्या योजनेत फूड बँक वाटाघाटी करून रीतसर खरेदी करते, तिथे दर थोडा बरा असतो.

भाजीपाल्यापुरतंच आहे का? दुधाचं काय करतात?

दूध, अंडी, मांस, धान्य, सगळं येतं, राज्यागणिक कमी-जास्त. पण दुधाची गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे.

कच्चं दूध फूड बँकेला देऊन उपयोग नाही. ते टँकरमध्ये असतं, पाश्चराइझ झालेलं नसतं आणि दोन दिवसांत नासतं. पेनसिल्व्हेनियात साय काढल्यावर उरणारं स्किम दूध जास्त झालं की टाकून दिलं जायचं. फिलाडेल्फियाच्या 'फिलाबंडन्स' या फूड बँकेने त्याचं चीज करून घ्यायला सुरुवात केली. दुधाचे पैसे शेतकऱ्याला, चीज बनवण्याचा खर्च कारखान्याला, आणि यातला मोठा भार 'पास' योजनेतून. चीज महिनोन्महिने टिकतं, त्याला दुधाइतकी जागा लागत नाही आणि ते पॅन्ट्रीत येणाऱ्या कुटुंबाला हवं असतं. पुढे त्याच चीजचा एक ब्रँड करून थोडा माल दुकानांतही विकायला ठेवला गेला.

आपल्याकडे दूध संघ जास्तीच्या दुधाची भुकटी करतात, तसाच हा मार्ग. फरक एवढाच की तिथे पदार्थ शेवटी कोणाच्या घरी जाणार हे आधी ठरवलं आणि मग प्रक्रिया निवडली.

हा माल सडका-किडका असतो का?

नसतो. खराब माल घेतला तर तो टाकायचा खर्च फूड बँकेच्याच गळ्यात पडतो, त्यामुळे गोदामावर तपासणी कडक असते. वाकडा असतो, लहान असतो, डाग पडलेला असतो.

खाऊन कोणाला त्रास झाला तर शेतकऱ्यावर खटला होतो का?

चांगल्या भावनेने, खाण्याजोगं अन्न दान केलं असेल तर दात्याला कायद्याचं संरक्षण आहे. १९९६ साली बिल क्लिंटन यांनी सही केलेला बिल एमर्सन कायदा हे संरक्षण देतो. मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणे काही केलं असेल तर अर्थातच नाही. शेतात मागे राहिलेलं वेचू देणाऱ्या जमीनमालकाचाही यात विचार केलेला आहे. वेचायला आलेला माणूस पाय घसरून पडला तर काय, ही शेतकऱ्याची खरी धास्ती असते.

जुन्या कायद्यात एक अडचण होती: दान संस्थेमार्फतच गेलं पाहिजे, आणि घेणाऱ्याने काहीच पैसे देता कामा नयेत. जानेवारी २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ती बरीच सैल केली. आता शेतकऱ्यासारखा पात्र दाता गरजू माणसाला थेट, पण फुकटच, अन्न देऊ शकतो, आणि वाटणाऱ्या संस्थेने हाताळणीचा खर्च निघेल इतकी नाममात्र रक्कम घेतली तरी संरक्षण जात नाही.

टॅक्समध्ये सूट मिळते का?

केंद्राच्या आयकरात अन्नदानासाठी वाढीव वजावट आहे आणि २०१५ च्या अखेरीस ती सगळ्या व्यवसायांसाठी कायमची झाली, म्हणजे लहान शेतकरीही त्यात आला. काही राज्यं वर स्वतःची सवलत देतात. न्यूयॉर्कमध्ये दान केलेल्या मालाच्या किमतीच्या २५ टक्के, वर्षाला कमाल ५,००० डॉलरपर्यंत. कॅलिफोर्नियात ताज्या भाजी-फळांच्या दानावर १५ टक्के.

माझं मत विचाराल तर टॅक्सची सवलत ही नफ्यात असलेल्याची सोय आहे. ज्या वर्षी भाव पडतात आणि माल उरतो, त्या वर्षी शेतकऱ्याला भरायला टॅक्सच फारसा नसतो. सवलत पुढच्या एप्रिलमध्ये मिळते, मजुरी शनिवारी द्यावी लागते. म्हणूनच रोख खर्च देणाऱ्या योजना जास्त माल हलवतात.

वॉशिंग्टनमधलं केंद्र सरकार यात कुठे येतं?

केंद्राचा संबंध फार जुना आहे. १९३५ च्या कायद्यापासून सीमाशुल्काचा काही भाग जास्तीचा शेतमाल उचलण्यासाठी वापरला जातो. १९८१ च्या डिसेंबरमध्ये रेगन सरकारने गोदामांत साठलेलं चीज गरिबांना वाटायला काढलं आणि त्यातून पुढे 'टेफॅप' ही आणीबाणीची अन्नसाहाय्य योजना आली, जी आजही चालू आहे.

२०१८ च्या फार्म बिलात (केंद्राच्या शेतीविषयक कायद्यात) 'फार्म टू फूड बँक' प्रकल्पांसाठी वर्षाला ४ दशलक्ष डॉलरपर्यंतची तरतूद झाली. देशाच्या मानाने ही रक्कम चिल्लर आहे. पण तिची अट पाहा: या पैशातून अन्न विकत घेता येत नाही. काढणी, प्रक्रिया, पॅकिंग आणि वाहतूक, एवढ्यासाठीच तो वापरायचा. शिवाय राज्याने किंवा खासगी दात्याने आपला वाटा घालायचा.

कोविडनंतर स्थानिक शेतकऱ्यांकडून माल घेऊन फूड बँकांना देण्यासाठी राज्यांना आणि आदिवासी जमातींच्या सरकारांना केंद्राने मोठा निधी दिला होता. मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या कृषी खात्याने त्याचा पुढचा हप्ता रद्द केला. सुमारे ४२० दशलक्ष डॉलर होते ते. त्या भरवशावर काहींनी वाढीव लागवडीची तयारी केली होती. ज्या राज्यांनी आपली स्वतःची योजना कायद्यात बसवून ठेवली होती, त्यांच्याकडे निदान उभं राहायला काहीतरी होतं.

फूड बँक या मालाचं पुढे काय करते?

रताळ्याचं उदाहरण घ्या. गाडीतून येतो तो पॅलेटवर बसवलेला, कमरेच्याही वर येणारा पुठ्ठ्याचा खोका. त्यात शेकडो किलो रताळी, माती लागलेली, अंगठ्याएवढ्यापासून नारळाएवढ्यापर्यंत. एखाद्या आजीला हा खोका देऊन काय उपयोग? म्हणून टेबलं मांडतात, स्वयंसेवक दोन्ही बाजूंना उभे राहतात, खोका कलंडतो. नरम लागलेलं बाजूला, कापलेलं बाजूला, बाकीचं जाळीच्या पिशवीत. तराजूवर पाच पौंड भरले की गाठ. शनिवारी सकाळी शाळेची मुलं, ऑफिसची टीम, कधी एखादं मराठी मंडळ हे काम करताना दिसतं. ऐकायला सोपं आहे, पण तासाभराने पाठ बोलायला लागते.

मग प्रश्न येतो तो कोणाला किती. पूर्वी फीडिंग अमेरिका आपल्याकडे आलेला माल रांगेने वाटायची. त्यामुळे बटाट्यांचं आगर असलेल्या आयडाहोच्या फूड बँकेलाही बटाटे देऊ केले जायचे. २००५ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांच्या मदतीने त्यांनी लिलाव पद्धत आणली. प्रत्येक फूड बँकेला तिच्या भागातल्या गरजेच्या प्रमाणात खोटे पैसे, म्हणजे 'शेअर' मिळतात आणि ते वापरून ती हव्या त्या मालावर बोली लावते. पीनट बटर महाग जातं. भाजीचा भाव पुष्कळदा शून्यावर येतो, आणि उठाव नसलेल्या मालाची बोली उणेही होते: माल उचला, वर शेअर घ्या. आपल्या बाजार समितीत हे सांगितलं तर लोक हसतील, पण गाडीभाड्याचा विचार केला की ते बरोबरच आहे.

याने बाजारातले भाव पडत नाहीत का?

योजनेच्या पैशातून आलेला माल विकता येत नाही, फक्त वाटता येतो, ही अट असते. आणि जो माल बाजारात यायचाच नव्हता तोच येतो. शेतकरी संघटनांचा या योजनांना सहसा पाठिंबा असतो. काही राज्यांत मागणीच त्यांच्याकडून झाली.

शेतात मागे राहिलेलं वेचायला स्वयंसेवक जातात ना? ते पुरेसं नाही का?

जातात. सरवा वेचायची रीत तिकडेही बायबलच्या काळापासून सांगितलेली आहे. व्हर्जिनियातली 'सोसायटी ऑफ सेंट अँड्र्यू' ही संस्था कित्येक वर्षं हेच काम करते. पण स्वयंसेवक शनिवारी येतात आणि ब्रोकोली मंगळवारी तयार होते. हातही सवयीचे नसतात. लहान बागा आणि झाडाखाली पडलेली सफरचंदं यासाठी ही पद्धत चांगली. १८ टनांची गाडी भरायला पगारी टोळीच लागते.

या योजनांवर टीका काय होते?

तीन प्रकारची, आणि तिन्हींत तथ्य आहे.

पहिली अशी की भूक ही पैशाची अडचण आहे, भाजीची नाही. फीडिंग अमेरिका स्वतःच सांगते की फूड बँकांच्या एका जेवणामागे गरिबांना किराण्यासाठी पैसे देणाऱ्या सरकारच्या 'स्नॅप' योजनेतून नऊ जेवणं मिळतात. स्नॅप कापायचं आणि फूड बँकेला रताळी द्यायची, हा हिशेब जुळत नाही.

दुसरी अशी की उरलेला माल ठरवून येत नाही. एका आठवड्यात सगळीकडे कोबी आणि पुढच्या आठवड्यात काहीच नाही. पॅन्ट्रीत फ्रीज नसेल तर मोफत आलेली पालकही नुकसानीची.

तिसरी मला सर्वांत बोचते. सलिनास खोऱ्यात लेट्यूस तोडणारे मजूर हंगाम संपला की त्याच भागातल्या फूड बँकेच्या रांगेत उभे असतात. ज्याने भाजी खोक्यात भरली त्याला ती विकत घेता येत नाही. राज्याची कोणतीही वाहतूक योजना याला उत्तर देत नाही आणि तसं उत्तर दिल्याचा आवही तिने आणू नये.

महाराष्ट्रात असं काही आहे का?

तुकडे आहेत, जोडणी नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून एका शेतकऱ्याच्या हाती २ रुपयांचा चेक पडला होता. भाव किलोला रुपया मिळाला आणि बाकी सगळं भाडं, हमाली, तोलाईत गेलं. त्यानंतर राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये, कमाल २०० क्विंटलपर्यंत, असं कांदा अनुदान जाहीर केलं. शेतकऱ्याला काही ना काही मिळालं. पण त्या पैशाने एक किलोही कांदा भुकेल्या घरात गेला असं नाही, कारण अनुदान बाजार समितीतल्या विक्रीवर होतं.

केंद्राची 'ऑपरेशन ग्रीन्स' २०१८-१९ च्या अंदाजपत्रकात ५०० कोटी रुपयांनी सुरू झाली. टोमॅटो, कांदा, बटाटा यांची वाहतूक आणि साठवण यांच्या खर्चावर ५० टक्के अनुदान तीत आहे. २०२० मध्ये काही महिन्यांसाठी ती इतर फळं-भाज्यांनाही लागू केली होती. रचना पाहिली तर ती अमेरिकेतल्या योजनांच्या बरीच जवळची: गाडीचा खर्च सरकार उचलतं. गाडी मात्र दुसऱ्या बाजारपेठेत किंवा कारखान्यात जाते.

अन्नवाटपाच्या बाजूला पाहिलं तर मुंबईत डबेवाल्यांची रोटी बँक आहे, इतरही संस्था आहेत. त्यांचं काम मुख्यतः लग्नात, हॉटेलात उरलेल्या शिजवलेल्या अन्नाचं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे उरलेल्या अन्नाबाबतचे नियमही शेतापेक्षा हॉटेल आणि दुकानांना डोळ्यांसमोर ठेवून केलेले वाटतात. रेशनवर धान्य मिळतं, भाजी मिळत नाही.

खरं तर आपल्याकडे भाजी पोहोचवायला गोदामं नव्याने बांधायची गरज नाही. आश्रमशाळा, वसतिगृहं, शालेय पोषण आहाराची स्वयंपाकघरं, शिवभोजन केंद्रं रोज भाजी घेतातच. नाशिकजवळच्या एखाद्या तालुक्यात टोमॅटोचा भाव ठरावीक पातळीखाली गेला की त्या आठवड्याची तोडणी आणि गाडीभाडं जिल्हा परिषदेने द्यायचं, शेतकरी उत्पादक कंपनीने माल गोळा करायचा आणि ठरलेल्या शाळांना पोचवायचा, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. अडेल ते बिलावर. पैसे मार्चअखेर मिळणार असतील तर शेतकरी मेंढरंच सोडेल.

मी अमेरिकेत राहतो. परसातली दुधी-वांगी फूड पॅन्ट्रीला चालतात का?

बऱ्याच ठिकाणी चालतात. 'अँपलहार्वेस्ट' ही संस्था घरच्या बागेतली भाजी घेणाऱ्या पॅन्ट्रींची यादी ठेवते. सकाळी तोडलेली, कोरडी, माती झटकलेली भाजी न्या आणि वाटपाच्या दिवशीच न्या. दुधी कसा करायचा हे दोन ओळींत लिहून चिकटवलं तर तो उचलला जातो. नाही तर लोक त्याकडे बघत राहतात.

गणपतीत आमचं मंडळ डाळ-तांदूळ गोळा करतं. ते देता येतात का?

कंपनीच्या सीलबंद पिशवीत, लेबल आणि तारीख असलेले असतील तर हो. घरून डब्यात आणलेले, मोठ्या पोत्यातून सुटे भरलेले किंवा घरी केलेले लाडू-चिवडा घेत नाहीत. आधी फोन करून विचारा. ज्या भागात दक्षिण आशियाई कुटुंबं जास्त आहेत तिथे तूरडाळ हवी असते, इतरत्र ती शेल्फवर पडून राहते. आणि तितक्याच रकमेचा चेक दिला तर फूड बँक त्यातून बहुधा जास्त माल आणू शकते, कारण ती घाऊक भावात घेते आणि गाडीभाडंही त्यातूनच देते.